कोकणकडा, कॅमेरा आणि खोळंबलेले मित्र

आजच्या भागाचा विषय तसा साधा आहे. पाच-सहा जणांचा ट्रेकचा ग्रुप असतो, त्यातल्या एकाच्या गळ्यात कॅमेरा असतो आणि त्याला लँडस्केप शिकायचं असतं. निसर्गदृश्य हा शब्द आहे आपल्याकडे, पण तो उच्चारला की शाळेतला चित्रकलेचा तास आठवतो, दोन त्रिकोणी डोंगर आणि मधून उगवणारा सूर्य. म्हणून आपण लँडस्केपच म्हणू या.

तर या कॅमेरावाल्याच्या दोन तक्रारी असतात. पहिली, डोळ्यांना जे दिसतं ते फोटोत येत नाही. दुसरी, मित्र थांबत नाहीत. मित्रांची तक्रार एकच असते, हा चालत नाही. आमच्या ग्रुपमधला कॅमेरावाला मीच. फोटोंवर माझं पोट नाही, रविवारची हौस आहे. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते व्यावसायिक फोटोग्राफरांसाठी नाही. ते लोक हव्या त्या प्रकाशासाठी चार-चार दिवस एका जागी बसू शकतात. आपल्याला शनिवारी रात्री निघून रविवारी रात्री घरी पोचायचं असतं आणि सोमवारी सकाळी मस्टर गाठायचं असतं.

सगळं हवेत बोलण्यापेक्षा एकच जागा धरू. हरिश्चंद्रगड. अकोले तालुका, अहिल्यानगर जिल्हा, उंची साडेचार हजार फुटांच्या वर. पाचनईतून सोपी वाट, खिरेश्वरातून टोलार खिंडीची लांब वाट, आणि बेलपाड्यातून नळीची वाट. नळीच्या वाटेबद्दल आज काही बोलत नाही, कारण तिथे दोन्ही हात दगडाला लागतात आणि कॅमेरा सॅकमध्येच बरा. गडावर हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, केदारेश्वराची पाण्यातली पिंड, तारामती शिखर आणि पश्चिमेला कोकणकडा. नागाच्या फण्यासारखा आत वळलेला, अर्धगोलाकार कडा. मी हीच जागा का निवडली? कारण प्रकाशाबद्दल जे काही शिकायचं ते सगळं इथे एका दिवसात शिकता येतं, आणि मित्रांशी भांडण होण्याची सगळी कारणंही इथेच जमा झालेली आहेत.

आधी दिशा. ट्रेक ठरला की आपण काय बघतो? रस्ता, जेवण, गाडीत जागा किती. कॅमेरावाल्यानं त्यात एक गोष्ट वाढवायची. जिथे जायचंय तिथला मुख्य कडा किंवा सुळका कुठल्या दिशेला तोंड करून उभा आहे ते नकाशावर बघायचं. कोकणकडा पश्चिमेला उघडतो. म्हणजे सकाळी सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि कडा स्वतः सावलीत असतो. नुसता सावलीत नाही, तर सह्याद्रीची अख्खी सावली खाली कोकणावर पडलेली असते आणि ती हळूहळू आपल्याकडे आखडत येते. ते बघायला फार छान, पण सकाळी सातला कड्याचा फोटो काढलात तर काळपट भिंत आणि पांढरं आकाश एवढंच मिळणार. कॅमेरा वाईट नाही हो, वेळ वाईट आहे.

संध्याकाळी उलट होतं. सूर्य समोर येतो आणि कड्यावर थेट पडतो. त्यातही हंगामाप्रमाणे फरक आहे. डिसेंबरमध्ये सूर्य बरोबर पश्चिमेला मावळत नाही, नैऋत्येकडे सरकलेला असतो, साधारण २५ अंश. कडा अर्धगोल असल्यामुळे त्याची उत्तरेकडची बाजू थोडी नैऋत्येकडे तोंड करून आहे. म्हणून हिवाळ्यात शेवटचं ऊन त्या बाजूवर लख्ख पडतं आणि दक्षिणेकडची बाजू अंधारत जाते. एकाच फ्रेममध्ये उजेड आणि सावली शेजारी शेजारी. हा हिशेब घरी बसून करता येतो, फोनवर सूर्याची दिशा दाखवणारी फुकट ॲप्स आहेत.

आता आपल्या दगडाबद्दल थोडं, कारण फोटोचं अर्धं दुखणं तिथे आहे. सह्याद्री म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, म्हणून आपल्या डोंगरांना त्या आडव्या पायऱ्या दिसतात. ऊन डोक्यावर असलं की या पायऱ्या दिसत नाहीत, सगळं सपाट होतं. ऊन आडवं आलं की प्रत्येक थराची सावली खालच्या थरावर पडते आणि डोंगर फोटोत उभा राहतो. सकाळ-संध्याकाळच्या उन्हाचं कौतुक सगळे त्याच्या सोनेरी रंगासाठी करतात. मला विचाराल तर रंग दुय्यम आहे, सावली महत्त्वाची.

दुसरी गोष्ट, हा दगड काळा आहे. कॅमेऱ्याचा मीटर जे दिसेल ते मध्यम करड्या रंगाचं धरून चालतो. फ्रेममध्ये तीन चतुर्थांश काळा कडा असेल तर मीटरला वाटतं अंधार आहे, तो एक्स्पोजर वाढवतो, मग कडा राखाडी होतो आणि आकाश जळून पांढरं होतं. जळलेल्या भागात पुढे काहीच परत आणता येत नाही. यावर उपाय म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे एकवर न्या आणि हिस्टोग्राम बघा. हिस्टोग्राम म्हणजे तो छोटा आलेख, डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड. आलेख उजव्या भिंतीला चिकटलेला नसला म्हणजे झालं. फोटो रॉमध्ये काढला असेल तर काळोखातला तपशील घरी बराच वर काढता येतो. फोन वापरत असाल तर आकाशावर बोट ठेवून दाबा आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. तत्त्व तेच.

धुक्यात मात्र हेच उलटं करायचं. धुकं पांढरं, मीटर त्यालाही करडं करायला बघतो, म्हणून तिथे अधिक एक. पावसाळ्यातले आपले निम्मे फोटो मळकट येतात ते यामुळे. धुक्यात ऑटोफोकसही पुढे-मागे घरघरत राहतो, त्याला पकडायला काही सापडत नाही. जवळच्या एखाद्या खडकाच्या किंवा झाडाच्या कडेवर फोकस करा, नाहीतर मॅन्युअलवर घ्या.

आता येतो सगळ्यांच्या आवडीचा मुद्दा, इंद्रवज्र. कोकणकडा म्हटलं की लोक हमखास विचारतात, दिसलं का? कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनच्या हवामानावर लिहिलेला एक निबंध १८३५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात त्यानं या कड्यांवरून पाहिलेल्या गोल इंद्रधनुष्याची नोंद केली आहे. होतं असं की सूर्य आपल्या पाठीशी आणि समोर खाली धुक्याचा किंवा ढगाचा थर असला की आपली सावली त्या ढगावर पडते आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगीत कडं दिसतं. ढगातले पाण्याचे बारीक थेंब उजेड मागच्या मागे परतवतात, त्यातून हे होतं. गंमत म्हणजे पाच जण शेजारी उभे असले तर प्रत्येकाला ते कडं स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतं. आमच्यातला एक जण म्हणाला होता, संतपद मिळवायचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग.

आता यातून वेळ काढू. कडा पश्चिमेला, म्हणजे सूर्य पाठीशी असणार सकाळीच. संध्याकाळी कोकणकड्यावर इंद्रवज्राची वाट बघत बसणारे लोक मी पाहिले आहेत. ते कसं दिसणार? दुसरं, सूर्य जितका वर तितकं कडं खाली. सूर्य क्षितिजापासून १५ अंश वर आला असेल तर तुमच्या सावलीचं डोकं समोर १५ अंश खाली असतं, म्हणून समोर नाही, खाली ढगात बघायचं. आणि लेन्स? आकाशातल्या नेहमीच्या इंद्रधनुष्याची त्रिज्या ४२ अंशांची, त्याला वाइड लेन्स लागते. इंद्रवज्राचं कडं त्या मानानं लहान, काही अंशांचंच. ५० ते ७० मिमीच्या आसपास झूम करा, नाहीतर फोटोत ते टिकलीएवढं येईल. पाऊस सरता सरता, खाली कोकणात ढग भरलेले आणि वर ऊन पडलेलं, अशा सकाळी शक्यता चांगली. पण शक्यताच. दिसलं नाही म्हणून ट्रेक वाया गेला असं तोंड करू नका, बाकीचे पाच जण तुमच्या तोंडाकडे बघत असतात.

आता मावळतीचं बोलू, आणि इथे खरी पंचाईत सुरू होते. परदेशी पुस्तकांत आणि व्हिडिओंत 'गोल्डन अवर', 'ब्लू अवर' असे शब्द असतात. हे शब्द बनवणारे लोक राहतात उत्तरेला, युरोपात वगैरे. तिकडे सूर्य तिरका तिरका खाली जातो, संधिप्रकाश रेंगाळतो. आपण १९ अंश अक्षांशावर. आपला सूर्य बराचसा सरळ खाली उतरतो. मावळल्यावर जेमतेम २५ मिनिटांत नुसत्या डोळ्यांना वाट दिसेनाशी होते. आपल्याकडे तो तास नाही, अर्ध्या तासाचा मामला आहे. सोनेरी ऊन साधारण अर्धा तास, मग निळाई वीस-पंचवीस मिनिटं, मग काळोख. म्हणून ट्रायपॉड उभा करणं, फ्रेम ठरवणं, फिल्टर लावणं हे सगळं सूर्यास्ताच्या आधी निदान पाऊण तास उरकलेलं पाहिजे. ऊन लाल झाल्यावर जो जागा शोधत धावतो त्याच्या हाती काही लागत नाही. आणि कोकणकड्यावर धावायचं नसतं.

नोव्हेंबरअखेर, डिसेंबरच्या सुरुवातीला इथे सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. म्हणजे साडेसहाला अंधार. कड्यावरून देवळापर्यंत यायला अर्धा-पाऊण तास, देवळापासून पाचनई दोन-अडीच तास, तेही दिवसाउजेडी आणि गुडघे शाबूत असताना. सूर्यास्ताचा फोटो हवा म्हणजे संपूर्ण ग्रुपनं अंधारात उतरायचं किंवा वर मुक्काम करायचा. हा निर्णय एकट्या कॅमेरावाल्यानं कड्यावर उभं राहून, 'पाच मिनिटं रे, पाच मिनिटं' करत घ्यायचा नसतो. तो घरून निघायच्या आधी, सगळ्यांनी मिळून घ्यायचा. मुक्काम असेल तर तसं सामान लागतं, आणि मुक्कामाचे वनखात्याचे नियम काय आहेत ते पाचनईत आधी विचारून घ्यावं लागतं, कारण हे सगळं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं. मुक्काम नसेल तर मावळती विसरा आणि सकाळवर लक्ष द्या. अर्धवट काहीतरी केलं की फोटोही जातो आणि उतारावर कोणाचा तरी पायही मुरगळतो.

एक तोडगा आहे, पौर्णिमेचा. पौर्णिमेला सूर्य मावळतो त्याच सुमारास पूर्वेला चंद्र उगवतो. कड्यावर मावळती घेतली की परतीच्या वाटेवर समोर चंद्र. हेडटॉर्च प्रत्येकाकडे हवाच, तो सुटत नाही, पण चांदण्यात माणसं कुरकुर कमी करतात हा माझा अनुभव आहे. चांदण्या टिपायच्या असतील तर मात्र अमावास्येच्या आसपास जावं लागतं. १८ मिमीच्या लेन्सला १५ सेकंदांपर्यंत शटर उघडं ठेवलं तर तारे ठिपकेच राहतात, त्यापुढे त्यांच्या रेघा व्हायला लागतात.

आता मित्रांबद्दल. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात आम्ही सहा जण कड्यावर होतो. वारा होता. कोकणकड्याचा वारा तुम्हाला माहीत असेल, खालून वर येतो, टोपी टाकली तर परत अंगावर फेकतो. त्या दिवशी माझा एक मित्र माझाच दुसरा कॅमेरा घेऊन फोटो काढत होता. डोळा व्ह्यूफाइंडरला, आणि फ्रेममध्ये खालचं बेलपाडं यावं म्हणून त्यानं एक पाऊल पुढे टाकलं. मग अजून अर्धं. मागे बसलेल्या मैत्रिणीनं काही न बोलता त्याच्या सॅकचा पट्टा धरला आणि त्याला खाली बसवलं. ओरडली नाही. ओरडली असती तर तो दचकला असता. खाली हजार फुटांहून जास्त मोकळी हवा होती. त्यानंतर दहा मिनिटं कोणी काही बोललं नाही, मग चहा झाला.

हे सांगायचं कारण असं की कॅमेऱ्यातून बघताना माणसाला खोली आणि अंतर कळत नाही. एक डोळा मिटलेला, दुसऱ्यासमोर चौकट. वाइड लेन्समध्ये कड्याची धार आहे त्यापेक्षा लांब वाटते. त्यामुळे आमच्यात तेव्हापासून काही गोष्टी पक्क्या झाल्या. कडेला कॅमेरा डोळ्याला लावून चालायचं नाही, एक पाऊलही नाही. आधी नुसत्या डोळ्यांनी जागा बघायची, बसायचं किंवा पोटावर झोपायचं, मग कॅमेरा वर. फोटो झाला की आधी मागे सरकायचं, स्क्रीन नंतर बघायची. लेन्स बदलणं, बॅटरी बदलणं हे धारेपासून लांब, कारण हातातून झाकण निसटलं की माणूस नकळत त्याच्या मागे झेपावतो. आणि कॅमेरावाला धारेजवळ असेल तेव्हा एक जण त्याच्यावर नजर ठेवून असणार, फोनवर नाही. सेल्फीवाल्यांनाही हेच लागू, तिथे तर पाठ दरीकडे असते. पावसाळ्यात धारेजवळचा दगड शेवाळलेला असतो, तेव्हा आम्ही कोकणकड्यावर झोपूनच खाली बघतो, कॅमेरा असो नसो.

ट्रायपॉडसुद्धा त्या वाऱ्यात उडतो. मधला दांडा वर काढू नका, पाय पसरून बुटका ठेवा आणि खालच्या हुकाला सॅक अडकवा. सॅक जमिनीला टेकलेली असू द्या, लोंबकळत ठेवली तर तीच झोके घेते.

बरं, मित्र थांबत नाहीत याचं काय? मला वाटतं यात मित्रांची बाजू जास्त बरोबर आहे. चढावर मध्येच थांबलं की घाम गार होतो, पाय जड होतात, लय तुटते. कॅमेरावाला दर वळणावर थांबतो आणि शेवटी सगळ्यात मागे पडतो. मागे पडलेला माणूस म्हणजे पुढच्यांच्या डोक्याला काळजी. आमच्या त्याच मैत्रिणीनं यावर जो उपाय काढला तो सांगतो. कॅमेरावाल्यानं मागे नाही, पुढे चालायचं. पुढे गेलात की थांबा, फोटो काढा, तोवर बाकीचे येतात, त्यांच्यात मिसळा. शिवाय पुढून वळून बघितलं की वाटेवर चढत येणारी माणसं मिळतात, आणि माणसांच्या पाठींऐवजी त्यांचे चेहरे मिळतात. मात्र वाट पक्की माहीत असेल तरच पुढे जायचं.

दुसरं, लांब थांबे आधीच ठरवायचे. दिवसभरात तीन. त्या तीन ठिकाणी ट्रायपॉड निघणार, बाकीचे खाणार-पिणार, लोळणार. म्हणजे चहाची वेळ तीच ट्रायपॉडची वेळ. मध्ये जे फोटो निघतील ते चालता चालता, हातात धरून, ज्याचे त्यानं. ती मैत्रीण घड्याळ लावते, 'तुला वीस मिनिटं.' सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. पण वीसच मिनिटं आहेत म्हटल्यावर माणूस चाळीस फोटो काढत नाही, एक जागा निवडतो आणि तिथे डोकं लावतो. वेळेची मर्यादा हा सरावाचा भागच समजा.

तिसरं, मित्रांना फ्रेममध्ये घ्या. मला लोकांचे रिकामे लँडस्केप कळत नाहीत. कोकणकड्याचा फोटो ज्यानं कडा पाहिलेला नाही त्याला दाखवा, त्याला तो वीस फुटांचा खडक वाटू शकतो. कारण मोजायला काही नाही. त्याच्या माथ्यावर, धारेपासून सुरक्षित अंतरावर, लाल जॅकेटमधला एक माणूस बसवा, नखाएवढा दिसला तरी चालेल, मग कडा केवढा ते लगेच कळतं. शिवाय मित्राला त्याचा फोटो मिळतो, आणि पुढच्या वेळी तोच विचारतो, 'कुठे उभा राहू?'

तांत्रिक बाबतीत दोन-तीनच गोष्टी, बाकी तुम्ही कुठेही वाचू शकता. लँडस्केपला ॲपर्चर एफ ८ ते एफ ११. पुष्कळ जण सगळं स्पष्ट यावं म्हणून एफ २२ वर जातात, पण छिद्र फार लहान झालं की उजेड त्याच्या कडांवर पसरतो आणि अख्खा फोटो किंचित मऊ होतो. त्यापेक्षा फोकस कुठे करायचा ते शिका. साध्या क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १८ मिमी आणि एफ ८ असेल तर साधारण दोन मीटरवर फोकस करा. एक मीटरपासून ते थेट क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. दोन मीटर म्हणजे पुढ्यात एक माणूस आडवा झोपला तर जेवढं, त्याहून थोडं जास्त. हे अंतर डोळ्याला पाठ झालं की पायाजवळचं गवत आणि लांबचा नाणेघाट एका फोटोत बसतो.

आणि वाइड लेन्सचा मोह थोडा आवरा. तारामतीवर पहाटे गेलात तर दक्षिणेला जीवधन-नाणेघाट, उत्तरेला आजोबा, कात्राबाई आणि त्यामागे कळसूबाईची रांग, असा पसारा दिसतो. वाइडमध्ये घेतलात तर हे सगळं तळाशी एक बारीक पट्टी होऊन बसतं. १०० किंवा २०० मिमी लावा आणि उजेडाच्या दिशेनं बघा. डोंगरांच्या एकामागे एक रांगा, प्रत्येक मागची रांग पुढचीपेक्षा फिकट. हवेतल्या धुरकटपणामुळे हे होतं, म्हणजे ज्या धुरकट हवेला आपण शिव्या देतो तीच इथे कामाला येते. फोनवर २ किंवा ३ पट झूमच्या लेन्सनं हाच प्रयोग होतो.

पाण्याबद्दल एक. धबधबा म्हटला की लोक शटर अर्धा सेकंद ठेवून दुधाची धार करतात. ढगाळ हवेत, ट्रायपॉडवर, ते छानच दिसतं. पण पावसाळ्यात नाणेघाटात जो उलटा धबधबा होतो, वाऱ्यानं पाणी वर फेकलं जातं, त्याला अर्धा सेकंद दिलात तर नुसतं धुकं येईल. तिथे १/५०० किंवा त्याहून वेगवान शटर द्या, म्हणजे वर उडणारा थेंब न् थेंब दिसतो. पाण्याचं काय चाललंय ते बघून शटर ठरवायचं.

सराव मात्र गडावर करू नका. म्हणजे गडावर जाल तेव्हा बटणं शोधायची वेळ येऊ नये. पुण्यात असाल तर वेताळ टेकडी, पर्वती, तळजाई. मुंबईत बोरिवलीचं नॅशनल पार्क किंवा ठाण्याचं येऊर. काहीच नाही तर गच्ची. एक झाड किंवा एक इमारत धरा आणि आठ रविवार सकाळी तिथेच जा. एकच लेन्स, २४च फोटो, आणि जागेवर एकही डिलीट करायचा नाही. घरी येऊन बघायचं, आज ऊन कुठून होतं, गेल्या वेळी कुठून होतं. कंटाळा येतो, खरं सांगतो. चौथ्या रविवारी मला त्या झाडाची घृणा आली होती. पण अंधारात, हातमोजे घालून, न बघता आयएसओ बदलता येतो तो या कंटाळ्यामुळे.

सामानाचं थोडक्यात. कॅमेरा, एक लेन्स, ट्रायपॉड मिळून तीन किलो सहज होतं. हरिश्चंद्रगडाला माणशी तीन लिटर पाणी लागतं, ते आणखी तीन किलो. वजन कमी करायचं असेल तर काचा कमी करा, पाणी नाही. आणि आपली लेन्स दुसऱ्याच्या सॅकमध्ये सरकवू नका, हे प्रकार लक्षात येतात. पावसाळ्यात एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा काढला तर काचेवर दव धरतं. पोचायच्या अर्धा तास आधी बॅग एसीच्या झोतापासून दूर ठेवा, उतरल्यावर दहा-पंधरा मिनिटं बंदच राहू द्या. पोलरायझर फिल्टर असेल तर ओल्या पानांवर आणि दगडांवर लावून बघा, चकाकी जाते आणि खालचा हिरवा रंग वर येतो.

हिरव्या रंगावरून आठवलं. आपला पावसाळी हिरवा रंग पिवळसर असतो, पोपटी. फोन त्याला विजेच्या दिव्यासारखा करून टाकतात आणि वर आपणही सॅच्युरेशन ओढतो. ते थोडं मागे आणा. आणि पावसानंतर पठारावर फुलं असतील तर फोटोसाठी त्यांच्यात बसू नका. कारवी तर सात वर्षांतून एकदा फुलते. वाटेवर राहून, टेलिफोटोनं, खाली वाकून फोटो निघतो. ड्रोनला अभयारण्यात परवानगी लागते, ती नसेल तर तो घरीच ठेवा.

एक श्रोते विचारतात की मोबाइलवर हे सगळं शिकावं की आधी कॅमेरा घ्यावा. मोबाइलवरच शिका. दिशा, सावली, उजेड कमी-जास्त करणं, माणूस कुठे बसवायचा, मित्रांना किती थांबवायचं, यातल्या कशालाच कॅमेरा लागत नाही. वर्षभरानंतर अंधारात आणि लांबच्या रांगांसाठी फोन कमी पडतोय असं वाटलं तर जुना, वापरलेला कॅमेरा बघा आणि उरलेल्या पैशांत बरा ट्रायपॉड घ्या.

पुढच्या भागात केदारेश्वराच्या गुहेसारख्या अंधाऱ्या जागी फ्लॅश न वापरता फोटो कसा काढायचा यावर बोलू. गार पाण्यात कंबरेपर्यंत उभं राहून ट्रायपॉड लावायचा असतो, त्याचीही एक पद्धत आहे. तुमच्या ग्रुपमधल्या कॅमेरावाल्याबद्दल काही तक्रारी असतील तर जरूर कळवा, पुढच्या भागात त्याही वाचून दाखवू.